पत्र्यावरचे ठोके

१

लेन सगडनचं लग्न झालं तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता आणि एनिड पन्नास. चर्चच्या पायऱ्या उतरताना शेजारच्या मिसेस क्लेग चारचौघांत म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, दोघांच्याही तोंडात दात आहेत तोवर उरकलं." लेनला त्याचं काही वाटलं नाही. त्याला घर मिळालं होतं. जन्म सगळा शेतमालकाच्या आवारातल्या खोलीत गेला, तिथे खिळ्याला अडकवलेला कोटसुद्धा पाहुण्यासारखा वाटायचा. आता लीड्सजवळच्या हॉलिन्स रो या घरांच्या रांगेत, सात नंबरच्या घरात त्याची स्वतःची खुर्ची होती, बुटांना दाराशी जागा होती, आणि अकरा वाजता चहाला बोलावणारं माणूस होतं. देवाने दिलं ते उशिरा दिलं, पण हात आखडून दिलं नाही, असं तो मिसेस क्लेगना सांगायचा.

स्वयंपाकघर लहानच. टेबल, तीन खुर्च्या. एक लेनची, एक एनिडची, आणि तिसरी कोपऱ्यात, शेगडीच्या बाजूला, तिच्यावर कायम इस्त्रीचे कपडे. खिडकीत लाल जिरेनियमची कुंडी. झाड उजेडाकडे वाकतं म्हणून एनिड दर रविवारी ती कुंडी थोडी फिरवायची आणि झाडाला म्हणायची, "बाहेर काय बघतोस? बाहेर काही नाहीये."

बाहेर बाग होती, आणि बागेच्या टोकाला ते बॉम्बहल्ल्यात लपायचं शेल्टर.

युद्धात रांगेतल्या प्रत्येक घरामागे तसलं एकेक पुरलेलं होतं. कमरेएवढा खड्डा, त्यावर पन्हळी पत्र्यांची कमान, वर माती. युद्ध संपलं तेव्हा पत्रे गोळा करायला गाडी आली आणि सगळ्यांनी आनंदाने देऊन टाकले. एनिडने दिले नाहीत. दाराला फळ्या ठोकल्या आणि वीस वर्षं तिकडे पाठ करून कपडे वाळत घातले. लग्नानंतर मात्र ती लेनला म्हणाली होती, "ते तेवढं काढून टाक. मला तिथे गुलाब लावायचेत. एकटीच्याने होत नव्हतं."

लेनने फळ्या काढल्या, वाकून आत पाहिलं, आणि पाडायचं सोडून तो त्याच्या प्रेमातच पडला.

त्याचंही चूक नव्हतं. छत्तीस वर्षं त्याने रूबार्बच्या शेडमध्ये काम केलं होतं. त्या आंबट दांड्या, ज्या साखरेत शिजवून कस्टर्डबरोबर खातात. उन्हाळ्यात त्या कुणाच्याही परसात येतात, पण हिवाळ्यातल्या कोवळ्या, गुलाबी दांड्यांसाठी काळोख लागतो. दोन वर्षं शेतात वाढवलेले गड्डे, हिम खाल्लं की उपटायचे आणि अंधाऱ्या, उबदार जागेत खेटून बसवायचे. उजेड दिसेना की दांड्या तो शोधत सरळ वर धावतात. तोडायच्या त्याही मेणबत्तीच्या उजेडात. मालकाने जुनी शेड बंद केली, तेव्हा लेनला निरोप म्हणून वीस गड्डे दिले होते. तेही बागेच्या कडेला हिमाची वाट पाहत पडले होते.

"एकच हिवाळा," लेन म्हणाला. "छत्तीस वर्षं माझ्या हातचा माल दुसऱ्याच्या नावाने गेला गं. एक पेटी माझ्या नावाची होऊ दे."

एनिडने हातातलं भांडं दोनदा धुतलं.

"ईस्टरपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "मग पत्रा न् पत्रा काढायचा."

"शब्द देतो."

"आणि मी आत येणार नाही. मला बोलवायचं नाही."

"तू कशाला येतेस? तू नुसता चहा झाल्याचं सांग."

२

डिसेंबरात त्याने आत घोड्याच्या लिदीचा जाड थर दिला, त्याची ऊब महिनोन्‌महिने टिकते. वर माती, मातीत गड्डे. दाराला फळ्यांऐवजी दुहेरी गोणपाट लावलं, कडा मातीने लिंपल्या. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसायची एक जुनी फळी होती. ती कुजली नव्हती, म्हणून त्याने राहू दिली. मेणबत्त्या ठेवायला बरी.

जानेवारीत दांड्या बोलायला लागल्या. काळोखात वाढणारा रूबार्ब आवाज करतो. कोंब आपल्या सालीतून बाहेर फुटतो तेव्हा टक् असा आवाज येतो, बोट मोडल्यासारखा. वीस गड्डे एकदम फुटायला लागले की बारीक किरकिर, टकटक सतत चालू असते. नवखा माणूस घाबरून बाहेर पळतो. लेनला त्याशिवाय करमायचं नाही. मेणबत्ती विझवून तो दहा दहा मिनिटं ऐकत बसायचा. छातीत ओल जाऊन त्याला खोकला झाला होता, गुडघे गेले होते, पण त्या आवाजात त्याला आपलं काहीच गेलेलं नाही असं वाटायचं.

आणि अकरा वाजता एनिड यायची. कोळशाच्या फावड्याने दाराशेजारच्या उघड्या पत्र्यावर एकदा ठोकायची. ठण्! आतून लेन खुरप्याच्या दांड्याने दोनदा वाजवायचा. ठण्, ठण्. आलो, आलो.

पहिल्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा एनिड अजून वाटेवरच उभी होती, फावडं छातीशी धरून.

"काय गं?"

"काही नाही. दोन वाजवलेस."

"मग? एकाने तुझं समाधान होत नाही म्हणून."

ती हसली. दोघं आत गेली, चहा प्याली. कपाटातले त्यांचे दोन पांढरे कप होते, एकाचा कान तुटलेला. तो लेनचा.

साधारण आठवड्याने, एका सकाळी, टेबलावर तीन कप दिसले. तिसरा निळ्या काठाचा, पातळ, लेनने कधी न पाहिलेला. चहाने भरलेला.

"हा कुणाला?"

एनिड कपाकडे पाहत राहिली. जणू तो लेननेच काढला होता.

"हात चुकला," ती म्हणाली.

वाया कशाला घालवायचा म्हणून लेनने तोही प्यायला. पण त्या आठवड्यात तिचा हात आणखी दोनदा चुकला.

३

वाकडं दिसलं ते दांड्यांत.

काळोखात दांडी सरळ वाढते. वाकायला कारणच नसतं. छत्तीस वर्षांत लेनने हे कधी तपासलं नव्हतं, जसं पाणी उताराला जातं हे कुणी तपासत नाही. म्हणून मेणबत्ती वर धरल्यावर त्याला आधी कळलंच नाही की काय चुकतंय. सगळ्या दांड्या, त्यांच्या टोकाची पिवळी चुरगळलेली पानं, मागच्या डाव्या कोपऱ्याकडे कलली होती. दाराजवळची जरा कमी. फळीजवळची तर पार कंबरेत वाकून.

"उजेड," लेन स्वतःशी म्हणाला. "कुठून तरी शिरतोय लेकाचा."

त्याने मेणबत्ती विझवली आणि डोळे सरावेपर्यंत बसून राहिला. बाहेर लख्ख सकाळ होती. पत्र्याला सुईएवढं भोक असतं तरी दिसलं असतं. काही दिसलं नाही. त्याने कोपऱ्यात जाऊन पत्र्यांचे सांधे बोटांनी चाचपले. बाहेरून चार फूट माती. मग लीद तिथे जास्त तापली असेल, उबेकडे वळत असतील, म्हणून त्याने हात मातीत खुपसला. दाराशी माती पावासारखी उबदार होती. फळीखाली ती गार होती.

आणि तिथे आवाज नव्हता. बाकी सगळीकडे टकटक चालू, पण त्या कोपऱ्यातल्या दांड्या, सगळ्यांत उंच असून, गप्प होत्या. कुणाचं बोलणं ऐकताना माणसं गप्प होतात तशा.

लेन घाबरट नव्हता आणि कल्पनेच्या मागे धावणाराही नव्हता. एनिड कुंडी फिरवायची, तोच उपाय त्याने केला. त्या रांगेतले सगळे गड्डे उपटून, फिरवून, दाराकडे तोंड करून लावले. चौथ्या दिवशी ते पुन्हा फळीकडे वळले होते.

"तुझ्या शेल्टरमध्ये कुठून तरी उजेड येतोय," तो दुपारी जेवताना एनिडला म्हणाला. "दांड्या वाकतायत."

"कुठे?"

"मागे डावीकडे. ती फळी आहे ना, तिथे."

एनिड संध्याकाळचे बटाटे सोलत होती. ती सोलत राहिली. हातातला बटाटा सुपारीएवढा झाला तेव्हा लेनने तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"आईची जागा होती ती," ती म्हणाली. "प्रत्येकाची ठरलेली असायची ना."

लेनने विचारलं नाही. उशिरा लग्न केलेल्या माणसाने काही खोल्या बंदच ठेवाव्यात, असं त्याचं मत होतं. त्याला फक्त तिचा थंडगार हात आवडला नाही. तो आपल्या हातात घेऊन लेन शेगडीजवळ बसून राहिला.

४

मिसेस क्लेग पंचाहत्तरीच्या होत्या आणि कुंपणाच्या भिंतीवर छाती टेकवून उभं राहणं हा त्यांचा मुख्य उद्योग होता.

"काय रे पोरा," त्या एका सकाळी लेनला म्हणाल्या, "रोज कुणाला घेऊन बसतोस आत?"

"कुणाला म्हणजे?"

"मी बहिरी नाही. एनिड ठोकते, आणि तू दोन देतोस. महिना झाला ऐकतेय. एनिडच्या डोळ्यांदेखत दुसरी आणलीस की काय? या वयात?"

लेन हसला. "आलो आलो म्हणतोय हो मी."

मिसेस क्लेग हसल्या नाहीत.

"तू शेतावरचा. तुमच्याकडे शेल्टरं नव्हती, तुम्ही शेडमध्येच लपायचात. म्हणून तुला ठाऊक नाही. आमच्याकडे रात्रभर बॉम्ब पडून गेले, पहाटे सुटकेचा भोंगा झाला, की ज्याच्या घरात आधी किटली तापेल त्याने फावडं घेऊन निघायचं. प्रत्येकाच्या पत्र्यावर एक ठोका. चहा झालाय. आणि आतल्यांनी परत ठोके द्यायचे, जेवढी माणसं तेवढे. चहा मोजून मिळायचा बाबा, आठवड्याला माणसामागे मूठभर. एक कप जास्त ओतला म्हणजे कुणाचा तरी उद्याचा गेला. म्हणून त्यात खोटेपणा कुणी करत नसे. नवऱ्याला फसवतील, पण ठोक्यात नाही."

"बरं."

"बरं काय? महिनाभर तू रोज सांगतोयस, आत दोघं आहेत म्हणून."

थंडी होती, म्हणून लेनच्या अंगावर काटा आला, असं तो नंतर स्वतःला सांगणार होता. तो भिंतीच्या जवळ सरकला.

"एनिडची आई तिथेच गेली का?"

मिसेस क्लेगनी सात नंबरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत फक्त जिरेनियम होतं.

"मार्च महिना होता. एनिड लीड्सला नाचायला गेली होती, धोक्याचा भोंगा झाला तशी तिकडेच अडकली. तिची आई हिल्डा एकटीच आत बसलेली. पहाटे मी किटली ठेवली आणि फिरून आले. हिल्डाच्या पत्र्यावर ठोकलं. आतून एक आला. एकच, नीट, स्वच्छ. मी एक कप ओतला. दूध आधी, मग चहा, तिला तसाच लागायचा, नाहीतर तोंड वाकडं करायची. घेऊन गेले, गोणपाट बाजूला केलं." त्या थांबल्या. "डॉक्टर म्हणाला, मध्यरात्रीच गेलीय. हृदय. फळीवर बसल्या बसल्या, ताठ."

"मग ठोका कुणी दिला?"

"तेच तर म्हणते ना."

"आणि हे एनिडला—"

"सांगितलं. नको होतं सांगायला, पण तोंडातून गेलं. ती नाचाच्या बुटांतच उभी होती. रडली नाही काही नाही. एवढंच विचारलं, चहा प्यायली का ती?"

५

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एनिडचं फावडं वाजलं. लेनने खुरप्याने एकदा उत्तर दिलं. एकदाच. मग खुरपं मातीत टोचलं आणि हात कोटात पुसला.

डाव्या कोपऱ्यातून दुसरा ठोका आला.

मोठा नव्हता. बसलेल्या माणसाचं कोपर जिथे येईल तिथून, बोटाच्या पेराने वाजवल्यासारखा. पत्रा किंचित घुमला आणि थांबला. सगळ्या दांड्यांची टकटकही थांबली होती.

पत्रा थंडीने आक्रसतो, लेन मनात म्हणाला. वाजतो. प्रतिध्वनी असतो. हे सगळं खरंच होतं, आणि हे म्हणत असताना तो पायऱ्या चढून बाहेर आलेलाही होता. तो पळाला नाही. पण मेणबत्ती जळत राहिली आणि खुरपं आतच राहिलं.

टेबलावर तीन कप होते. एनिड निळ्या काठाच्या कपात दूध ओतत होती. चहा अजून किटलीतच होता.

"आज दुसरा हळू होता," ती म्हणाली.

"पहिलाच माझा होता, एनिड."

तिने दुधाचं भांडं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली असती तर लेनला बरं वाटलं असतं. पण स्टेशनवर गाडीची घोषणा ऐकावी तशी ती ऐकत होती, आपली आहे की नाही याकडे कान देऊन. त्या चेहऱ्याची लेनला भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी त्याच्याजवळ गमावण्यासारखं काही नव्हतं. आता होतं, समोर उभं होतं, आणि ते बागेच्या टोकाकडे बघत होतं.

"मी ते पाडतो," तो म्हणाला. "ईस्टर गेला खड्ड्यात. उद्याच पाडतो."

"माल झालाय का?"

"पेटीभर होईल."

"मग आधी तोड," एनिड शांतपणे म्हणाली. "छत्तीस वर्षं थांबलास. आधी तोड आणि देऊन ये. मग पाड."

तिचं म्हणणं इतकं शहाणपणाचं होतं की लेनला सुटल्यासारखं झालं. बायको शहाणपणाचं बोलायला लागली की आधी दाराची कडी तपासावी, असं त्याचा जुना मालक म्हणायचा. ते त्याला उद्या आठवणार होतं.

६

सकाळी त्याने तोडणी केली. चार मेणबत्त्या लावल्या, दाराचं गोणपाट वर टाकून ठेवलं, आणि मोठ्याने शिट्टी वाजवत, दांडी बुंध्याशी पिरगळून ओढत गेला. कोपऱ्यातल्या दांड्या त्याने सोडून दिल्या. खुरपं कुठे टोचलं होतं ते सापडलं नाही, शोधलंही नाही. पेटीत निळा कागद, त्यावर गुलाबी दांड्या, आणि पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव: एल. सगडन, हॉलिन्स रो.

भाजीवाल्याने पेटी दुकानाच्या खिडकीत, अगदी मधोमध ठेवली. लेन रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून त्याने ती पाहिली. मग आणखी थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहिली. एक बाई थांबली, वाकून नाव वाचलं, आत गेली. लेनला रडू आलं आणि त्याने नाक शिंकरून ते झाकलं. एवढंसं सुख, पण ते त्याने पोटभर खाल्लं. घरी जाऊन एनिडला पहिल्यापासून सांगायचं ठरवत तो परत निघाला.

स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारत होती. टेबलावर तीन रिकामे कप. एनिडचा कोट खुंटीला होता. खुंटीखाली तिचे बाहेरचे बूटही होते.

"एनिड?"

त्याने किटली उतरवली. बागेचं दार उघडंच होतं. वाटेच्या टोकाला कोळशाचं फावडं आडवं पडलेलं. शेल्टरच्या दाराचं गोणपाट, जे त्याने वर टाकलं होतं, ते खाली सोडलेलं होतं आणि आतून नीट बसवलेलं होतं.

"एनिड! बाहेर ये गं. थंडी आहे."

काही नाही. आतली टकटकही नाही.

गोणपाट बाजूला करायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, तिचा हात धरायचा. एवढंच करायचं होतं. पण मिसेस क्लेगनी ते गोणपाट उघडलं होतं, आणि उघडल्यावर त्यांना काय दिसलं होतं ते लेनला माहीत होतं. जोवर ते बंद आहे तोवर एनिड आत बसलेली आहे, एवढंच. त्याचे पाय हलेनात. हात मात्र हलले. त्याने फावडं उचललं आणि पत्र्यावर एकदा ठोकलं.

ठण्.

मग तो थांबला. 

आतून एक ठोका आला. एकच, नीट, स्वच्छ.

एक. म्हणजे आत एक माणूस. पण या बागेत, या पत्र्यामागून, एक ठोका देण्यासाठी जिवंत असावं लागत नव्हतं. कालपासून ज्याच्या विचाराने त्याला घाम फुटत होता, तो दुसरा ठोका यावा म्हणून लेन सगडन त्या सकाळी देवाची करुणा भाकत उभा राहिला. ये गं बाई. तूही ठोक. दोघी असाल तर असा, पण दोघी असा.

ठण्, दुसरा आला. बोटाच्या पेराने, हळू.

लेनला हसूच फुटलं. "दोन कप!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. "ओततोच आहे! तिथे थंडीत नका बसू, घरात या. दोघीही या. ऐकलंत का, घरात या!"

तो फिरला आणि मागे न बघता स्वयंपाकघरात आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून त्याने जिन्यावर टाकले. निळ्या काठाच्या कपात आधी दूध घातलं. थोडं बशीत सांडलं, ते त्याने बाहीने पुसलं. त्या पहाटे कप हिल्डाकडे नेला होता, त्याला वाटलं. घरात या असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

खिडकीची काच वाफेने धुरकटली होती. तिच्यातून त्याला दिसलं की गोणपाट सरकलं, आणि एनिड वाकून बाहेर आली, घरातल्या सपाता घातलेली, केसांना माती. ती सरळ झाली. मग ती पुन्हा दाराकडे वळली आणि पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला द्यावा तसा तिने आत हात दिला. लेनने नजर किटलीकडे वळवली. तिथेच ठेवली.

वाटेवरच्या कोळशाच्या खडीवर सपातांचा आवाज आला. एनिडची चाल तो झोपेत ओळखेल. तिच्या प्रत्येक दोन पावलांच्या मध्ये आणखी काहीतरी खरवडत होतं, हलकं, पानासारखं.

एनिड आत आली आणि तिने दार थोडा वेळ उघडं धरलं. एका माणसाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ.

"लेन," ती म्हणाली. तिचे गाल लाल होते, मुलीसारखे. "दूध आधी घाल हं."

"घातलंय," लेन म्हणाला.

त्याने चहा ओतला. तो आपल्या खुर्चीत बसला आणि टेबलाच्या पातळीच्या वर पाहिलं नाही. एनिडने त्याचा हात धरला. तिचा हात उबदार होता. कोपऱ्यात खुर्ची जराशी करकरली. पेटीबद्दल तो सांगत गेला, खिडकीबद्दल, वाकून नाव वाचणाऱ्या बाईबद्दल, आणि एनिड योग्य तिथे हसली. शेवटी कप उचलायला त्याने हात पुढे केला तेव्हा निळ्या काठाच्या कपात तळाशी फक्त चहाची पानं होती.

७

शनिवारी त्याने शेल्टर पाडलं. पत्रे एवढे निमूटपणे सुटले की त्यालाच राग आला. आत काहीच नव्हतं. उरलेल्या दांड्या सगळ्या सरळ उभ्या होत्या, शाळेतल्या मुलांसारख्या. खुरपं फळीवर ठेवलेलं होतं, पुसून.

खड्डा भरला, गुलाब लावले. एनिड रात्री गाढ झोपायला लागली आणि दिवसा एक जुनी नाचाची चाल गुणगुणायला लागली. मिसेस क्लेग म्हणाल्या, ठोके बंद झाले, आता चुकल्यासारखं वाटतं. इस्त्रीच्या कपड्यांना लेनने भिंतीत वेगळी फळी ठोकून दिली. टेबलावर रोज तीन कप असतात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरोघरी काहीतरी असतंच. लेनच्या मते त्यांच्याकडे होतं ते बरंच होतं.

जिरेनियमचं त्याच्या लक्षात मार्चमध्ये आलं. खिडकीकडे पाठ करून ते घरात वळलं होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. एनिडने रविवारी ते पाहिलं, कुंडीला हात लावला आणि तशीच राहू दिली. "बघू दे," ती म्हणाली. लेनही म्हणाला, बघू दे.

मे महिन्यात ते पुन्हा हललं. रोज थोडं. कोपऱ्यातली खुर्ची जिथल्या तिथे होती, लेनने फरशीवर खडूने खूण करून पाहिलं. झाड मात्र तिच्यावरून सरकत सरकत एनिडच्या खुर्चीकडे यायला लागलं होतं. आई लेकीजवळ सरकून बसत असेल, लेन स्वतःला सांगतो. त्यात वावगं काय? आणि तो रोज सकाळी एनिडच्या आधी खाली येतो, कुंडी उचलतो, आणि झाडाचं तोंड पुन्हा खिडकीकडे करतो. तिने ते पाहू नये एवढंच त्याला हवं असतं.

मग तो किटली ठेवतो, आणि चमच्याने जिन्याच्या कठड्यावर एकदा वाजवतो. ही त्यांची नवी गंमत आहे. एनिड वरून ठोक्यांनी उत्तर देते, किती कप ते. पहिला ठोका येतो. लेन चमचा हातात धरून, वर न बघता, थांबतो. एकच आला तर तो एनिडचाच असेल, असं आता त्याला खात्रीने सांगता येत नाही. दुसरा आला की तो श्वास सोडतो आणि दूध ओततो.